बाग नंतर, आधी माती तपासा

मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचे आराखडे गेली दहा-बारा वर्षं येत आहेत आणि जात आहेत. २०१४ मध्ये राणी जाधव समितीचा अहवाल आला. २०१८ मध्ये पोर्ट ट्रस्टने स्वतःचा नियोजन आराखडा लोकांपुढे ठेवला. मध्ये निवडणुका झाल्या, मंत्री बदलले, ‘ट्रस्ट’चं नाव बदलून ‘प्राधिकरण’ झालं. चित्रं मात्र तीच राहिली. समुद्राकाठी लाकडी फळ्यांची पायवाट, सायकलवरची मुलं, पांढऱ्या बोटी, कॉफीची दुकानं आणि हिरवळ. ही हिरवळ ज्या मातीवर उगवणार आहे, त्या मातीबद्दल मात्र या चित्रांमधून काही कळत नाही.

माझा बागेला विरोध नाही. उलट आमच्या शहराला पूर्वेचा समुद्र कधी दिसलाच नाही, ही माझीही तक्रार आहे. पश्चिमेला मरीन ड्राइव्ह, वरळी, वांद्रे आणि जुहू. पूर्वेला भिंत, फाटक आणि सुरक्षारक्षक. पोर्टकडे सुमारे १,८०० एकर जमीन आहे, म्हणजे बेट-शहराचा साधारण आठवा हिस्सा. ती लोकांसाठी उघडावी, याबद्दल दुमत नसावं. माझं म्हणणं एवढंच आहे की उघडण्याआधी तिच्या पोटात काय आहे ते बघा, बघितलेलं छापा, आणि सफाईचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं ते ठरवा. हा क्रम उलटा झाला तर त्याची किंमत कोण मोजतं, हे आपल्याला माहीत आहे.

या किनाऱ्याची गंमत अशी, की त्याच्या इतिहासासाठी ग्रंथालयात जावं लागत नाही. रे रोड स्टेशनला उतरून नावं वाचत चालत राहिलं की झालं. लकडी बंदर, कौला बंदर, कोल बंदर, टँक बंदर, हे बंदर. लाकूड, कौलं, कोळसा, तेल, गवत. जो माल उतरला त्याचं नाव जागेला चिकटलं. दारूखाना हे नाव ऐकून बाहेरची माणसं हसतात, पण ती दारू पिण्याची नाही, तोफेची आहे. बंदुकीच्या दारूचं कोठार. पुढे कापसासाठी कॉटन ग्रीन आलं, शिवडीला तेलाच्या टाक्या आल्या, हाजी बंदरावर उघड्यावर कोळशाचे ढीग पडू लागले आणि आसपासच्या खिडक्यांवर काळी पूड बसू लागली. रहिवाशांनी त्याविरुद्ध बरीच वर्षं आरडाओरडा केला. आणि दारूखान्याच्या चिखलात जहाजं तुटू लागली.

१९८३ नंतर हा धंदा मोठ्या प्रमाणात गुजरातमधल्या अलंगला गेला. तरी लहान जहाजं, बार्ज आणि नौदलाची म्हातारी जहाजं दारूखान्यात येत राहिली. आयएनएस विक्रांतचा शेवट इथेच झाला. १९७१ च्या युद्धात नाव कमावलेली ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षं तरंगतं संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ मध्ये दारूखान्यात आली. तिच्या पोलादापासून पुढे मोटारसायकली निघाल्या आणि जाहिरातीत देशाचा ऊर भरून आला. पोलादाचं काय झालं ते सगळ्या देशाला ठाऊक आहे. उरलेल्याचं काय झालं? १९४० च्या दशकात बांधणी सुरू झालेल्या त्या पिढीच्या जहाजांत पाइपांवर, बॉयलरवर, भिंतींच्या आत अ‍ॅस्बेस्टॉस असतो. रंगात शिसं असतं. तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून लावलेल्या रंगांमध्ये कितीतरी वर्षं ट्रायब्युटिलटिन वापरलं जायचं, जे शिंपल्यांसाठीच काय, गोगलगायींसाठीही विष आहे. जुन्या विजेच्या तारांत आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये पीसीबी. टाक्यांच्या तळाशी तेलाचा गाळ. एका जहाजात हे किती असेल याचा हिशेब लागू शकतो. वर्षानुवर्षं तुटलेल्या शेकडो जहाजांचा कसा लावणार? मातीला विचारल्याशिवाय तो लागणार नाही.

माझे एक मामू दारूखान्यात गॅस कटर होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावातले बरेच पुरुष खलाशी म्हणून जहाजावर जायचे. मामूंना जहाज मिळालं नाही, म्हणून ते जहाज तोडायला गेले, असा त्यांचाच एक विनोद होता. पाइपावरचा पांढरा, कापसासारखा थर हातांनी ओढून काढायचा आणि मग ज्योत लावायची. तोंडाला रुमाल. मुमानी संध्याकाळी त्यांचे कपडे दाराबाहेर झटकायची, मग भिजत घालायची. पन्नाशीनंतर मामूंना चार पायऱ्या चढल्या की थांबावं लागायचं. एका सरकारी रुग्णालयात त्यांच्यावर टीबीचे उपचार झाले, दोनदा. तुम्ही काम काय करत होतात, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही. अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू फुप्फुसात शिरल्यानंतर आजार उभा राहायला वीस-तीस वर्षं लागू शकतात. तोवर ज्या मालकाकडे काम केलं त्याची पाटी बदललेली असते, मुकादम गावी गेलेला असतो, आणि हजेरीच्या वहीत नाव मुळात नव्हतंच. मामूंच्या फुप्फुसात नेमकं काय होतं हे मी आज सिद्ध करू शकत नाही. पण अशा हजारो माणसांच्या बाबतीत सिद्ध करता येऊ नये अशीच सोय होती, हे मी ठामपणे सांगू शकतो.

हे दुखणं इथे सांगायचं कारण सहानुभूती मिळवणं नाही. मुमानी दाराबाहेर जे झटकायची तेच त्या जमिनीत आहे, आणि ते कुजत नाही. लोकांची एक समजूत असते की काही वर्षं जागा पडून राहिली, पावसाळे गेले, गवत उगवलं की जमीन आपोआप शुद्ध होते. तेलाच्या बाबतीत हे थोडंफार खरं आहे, कारण तेल खाणारे जिवाणू निसर्गात असतात. धातूंच्या बाबतीत अजिबात खरं नाही. शिसं शंभर वर्षांनीही शिसंच राहतं. अ‍ॅस्बेस्टॉस ओल्या चिखलात दबलेला असेल तर तुलनेने निरुपद्रवी असतो. तोच जेसीबीने उकरून, उन्हात वाळवून, उघड्या डंपरमधून नेला की हवेत जातो. म्हणजे न कळत केलेली सफाई ही न केलेल्या सफाईपेक्षा वाईट ठरू शकते.

किनाऱ्यावरच्या जमिनीचा आणखी एक स्वभाव आहे. आतल्या गावात एखादा कारखाना बंद पडला तर त्याची घाण भूजलाच्या उताराने हळूहळू एका दिशेला सरकते. किनाऱ्यावर भरतीला खालून खारं पाणी चढतं आणि ओहोटीला उतरतं, दिवसातून दोनदा. जमीन दोनदा भिजते आणि दोनदा पिळली जाते. वरून दोन फूट चांगली माती टाकून लॉन लावलं, तरी खालचं पिळणं थांबत नाही. ते पाणी उतरतं ते शिवडीच्या दलदलीत, जिथे थंडीत रोहित पक्षी येतात आणि ज्यांचे फोटो आपण एकमेकांना पाठवतो. आता त्यांच्या डोक्यावरून अटल सेतू जातो. त्याच पाण्यात कोळी बांधव डोल लावतात. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन शेकडो टन तेल सांडलं, तेव्हा काही दिवस मासळी बाजार ओस पडला होता. तेल दिसत होतं, म्हणून लोक घाबरले. शिसं दिसत नाही.

जगात हे कुणी केलं आहे का? केलं आहे, आणि त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे, फक्त ‘परदेशात बघा किती छान’ या सुरात नाही.

अमेरिकेतल्या सिएटल शहरात युनियन सरोवराच्या काठी १९०६ ते १९५६ कोळशापासून आणि नंतर तेलापासून गॅस बनवणारा कारखाना होता. तो बंद पडल्यावर नगरपालिकेने जागा घेतली. रिचर्ड हाग नावाच्या भूदृश्यरचनाकाराने एक वेडा हट्ट धरला, की गंजलेले मनोरे पाडायचे नाहीत आणि माती उचलून दुसरीकडे न्यायची नाही. त्याने मातीत सांडपाण्याचा गाळ आणि लाकडाचा भुसा मिसळला, म्हणजे जिवाणूंना खाणं मिळेल आणि ते तेल पचवतील. पाडकामाचा राडारोडा एका जागी रचून त्याची टेकडी केली. आज लोक तिच्यावर पतंग उडवतात. १९७५ मध्ये बाग उघडली आणि जगभर गाजली. पण १९८४ मध्ये तपासणीत घातक रसायनं आढळली आणि बाग काही काळ बंद करावी लागली. पुढे पुन्हा मातीचे थर चढवले, जमिनीखाली हवा सोडून भूजल साफ करायची यंत्रणा बसवली. आजही तिथल्या काठावरून पाण्यात उतरायला मनाई आहे. कारखाना चालला पन्नास वर्षं, आणि त्याची साफसफाई त्याहून जास्त काळ चालू आहे. तरीही मला हे उदाहरण आवडतं. तिथे दोष लपला नाही. पाटी लावली आहे, लोक पाटी वाचतात आणि बागेवर प्रेमही करतात.

दुसरं उदाहरण जपानच्या मिनामाताचं. तिथल्या खाडीत चिस्सो कंपनीने पारा सोडला, तो माशांत गेला, माशांतून माणसांत. १९५६ मध्ये आजाराची अधिकृत नोंद झाली, पण सांडपाणी थांबायला १९६८ उजाडलं. मग प्रश्न आला तळाच्या गाळाचा. दहा लाखांत २५ भागांपेक्षा जास्त पारा असलेला गाळ काढायचा असं ठरलं. १९७७ मध्ये काम सुरू झालं आणि लोकच न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं होतं, गाळ ढवळला तर बसलेला पारा पुन्हा पाण्यात उठेल. काम थांबलं, १९८० पर्यंत थांबून राहिलं. आपल्याकडे असं झालं असतं तर ‘विकासविरोधी’ हा शब्द दुसऱ्याच दिवशी छापून आला असता. तिथे त्या भीतीचं उत्तर द्यावं लागलं, तपासणीची पद्धत लोकांपुढे मांडावी लागली, आणि मग १९९० पर्यंत सुमारे १५ लाख घनमीटर गाळ उपसून, पोलादी भिंतीआड भरून, ५८ हेक्टर नवी जमीन तयार झाली. खर्चाचा मोठा वाटा कंपनीकडून वसूल झाला. माशांना बाहेर जाऊ न देण्यासाठी खाडीच्या तोंडाशी लावलेली जाळी १९९७ मध्ये काढली. त्या भरावावर आज बाग आहे, स्मारक आहे. पारा मात्र त्या बागेखालीच आहे. म्हणून पाण्याची आणि माशांची तपासणी चालूच ठेवावी लागते.

या दोन्ही ठिकाणी विष नाहीसं झालं नाही. त्याला एका जागी बसवलं गेलं आणि त्याच्यावर पहारा ठेवला गेला. ‘शंभर टक्के स्वच्छ जमीन’ असं कुणी सांगत असेल तर तो माल विकतोय असं समजा.

आता आपला कायदा. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. इतक्या उशिरा का होईना, हे चांगलं झालं. जिल्हा प्रशासनाने किंवा स्थानिक संस्थेने संशयित ठिकाणांची यादी सहा-सहा महिन्यांनी द्यायची. राज्याच्या प्रदूषण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, त्यानंतरच्या ९० दिवसांत सविस्तर. घाण ज्याने केली त्याच्याकडून खर्च घ्यायचा, तो सापडला नाही किंवा कफल्लक असेल तर केंद्र आणि राज्याने उचलायचा. वाचायला बरं वाटतं. पण तपासणीला मुदत आहे, प्रत्यक्ष सफाई कधी संपवायची याला नाही. हे नियम आले तेव्हा देशात १०३ दूषित ठिकाणांची नोंद झालेली होती आणि काम सुरू झालं होतं ७ ठिकाणी.

त्याहून खोच पुढे आहे. समुद्रातलं तेलाचं प्रदूषण या नियमांतून वगळलं आहे, कारण त्यासाठी वेगळा कायदा आहे. कचरा डेपोही सर्वसाधारणपणे वगळले आहेत. जहाजं तोडण्यासाठी २०१९ चा वेगळा कायदा आहे, पण त्याचा भर जहाज कसं तोडावं यावर आहे. मग दारूखान्याच्या भरतीरेषेवरचा तो काळा चिखल कुठे बसतो? ओहोटीला ती जमीन असते आणि भरतीला समुद्र. एका खात्याने सकाळी बोट दाखवायचं दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याने संध्याकाळी पहिल्याकडे. मला वाटतं खरी लढाई इथे आहे, आणि ती कंटाळवाणी आहे, म्हणून कुणी लढत नाही.

‘घाण करणारा सापडत नाही’ ही सबब तर या किनाऱ्यावर चालूच देऊ नये. पोर्ट हा या शहराच्या सगळ्यात मोठ्या आणि जुन्या घरमालकांपैकी एक आहे, १८७३ पासूनचा. घरमालकाकडे भाडेपट्टे असतात. कुठला प्लॉट कुणाला, किती वर्षांसाठी, कुठल्या कामासाठी दिला, हे त्या कागदांवर असतं. भाडं थकलं तर तोच कागद न्यायालयात बरोबर सापडतो. मग त्याच कागदांवरून प्रत्येक प्लॉटचा शंभर वर्षांचा मालइतिहास काढता आला पाहिजे. इथे तेल होतं, इथे रसायनांचं गोदाम, इथे भंगार. त्यावरून कुठे किती खोल बोअर घ्यायचा ते ठरतं. याला उपग्रह लागत नाहीत, दोन-चार चांगले कारकून लागतात.

सफाईचा खर्च फार आहे, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. सगळी माती खणून काढणं परवडणार नाही, आणि ते शहाणपणाचंही नाही. काही ठिकाणी पक्का थर घालून झाकणं हाच योग्य मार्ग असेल. पण झाकलेल्या जमिनीची नोंद सातबाऱ्यासारखी कायम राहिली पाहिजे, म्हणजे तीस वर्षांनी कुणी तिथे पायलिंग करायला आला तर त्याला कळेल. आणि उचललेली माती कुठे जाते, हे त्याच कागदावर हवं. कारण घातक कचरा शास्त्रशुद्ध पुरायची जागा आपल्याकडे तळोज्यात आहे, पण डंपर तिथवर पोहोचेलच याची खात्री कोण देणार? मुंबईत नको असलेली गोष्ट कुठे जाऊन पडते याचा एक ठरलेला नकाशा आहे. १९२७ पासून देवनारला कचरा पडतोय. त्याच्या पायथ्याशी गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी. मुसलमान आणि दलितांची वस्ती, श्वासाचे आजार, टीबी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये माहुलच्या हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं म्हटलं, आणि त्यानंतरही जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतली हजारो कुटुंबं त्याच माहुलच्या इमारतींत नेऊन बसवली. शेवटी २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की त्यांना दुसरीकडे जागा द्या, नाहीतर महिन्याला १५,००० रुपये भाडं द्या. त्यामुळे दारूखान्याची माती ‘अन्यत्र’ नेण्यात येईल हे वाक्य वाचलं की माझ्या डोळ्यांसमोर ‘अन्यत्र’चा पत्ता येतो, पिनकोडसकट.

तिथे राहणाऱ्या माणसांचंही तेच. कौला बंदर, दारूखाना इथली बरीच वस्ती उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, तमिळनाडूतून आलेल्या मजुरांची. नळाचं पाणी मागितलं की ते अतिक्रमण करणारे होतात, आणि आजकाल नाव मुसलमान असेल तर त्यापुढे आणखी दोन शब्द लागतात. मातीची तपासणी होईल तेव्हा या माणसांच्या रक्तातल्या शिशाचीही व्हावी, निदान मुलांची. या कामासाठी इतकं उघडं पुस्तक दुसरीकडे मिळणार नाही. पण मला भीती आहे ती उलट गोष्टीची. ‘जमीन दूषित आहे’ हा अहवाल पहिल्यांदा वापरला जाईल तो त्यांना हुसकावण्यासाठी, तुमच्याच आरोग्यासाठी म्हणून. जागा रिकामी झाली की तोच अहवाल कपाटात जाईल.

गिरण्यांच्या जमिनीचं आठवा. १९९१ च्या नियमात एक तृतीयांश जागा मोकळ्या मैदानांना, एक तृतीयांश घरांना द्यायची होती. २००१ मध्ये दुरुस्ती आली, की ही वाटणी फक्त ‘मोकळ्या’ असलेल्या जमिनीची, जिच्यावर बांधकाम आहे तिची नाही. एका शब्दाने मैदानं गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. तेव्हा सगळं भांडण झालं ते एफएसआयचं. रंगखात्याच्या मागच्या मातीत काय होतं, यावर एक जाहीर वाद मी ऐकलेला नाही. आज तिथल्या मॉलमध्ये आपण सगळेच जातो, मीही जातो.

१४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, शेकडो माणसं मेली, आणि जहाजावरच्या सोन्याच्या विटा शहरभर उडाल्या. गोदीचा गाळ उपसताना त्यातल्या काही विटा नंतर कित्येक वर्षांनी निघाल्या आणि त्या सरकारकडे बरोबर जमा झाल्या. गाळातून सोनं निघतं तेव्हा त्याचा मालक कोण, वजन किती, नोंद कुठल्या वहीत, हे सगळं आपल्या यंत्रणेला नीट जमतं.

पूर्व किनाऱ्याचा पुढचा आराखडा हरकतींसाठी निघेल तेव्हा एक महिन्याची मुदत असेल आणि बहुतेक हरकती रस्त्यांच्या रुंदीवर येतील. मी माझी लिहून ठेवली आहे. प्लॉटनिहाय मालइतिहास द्या. बोअरचे निकाल मराठीत आणि आकड्यांसकट द्या. कुठे झाकणार, कुठे उचलणार ते नकाशावर दाखवा. उचललेल्या मातीच्या प्रत्येक डंपरचा क्रमांक आणि तो रिकामा झाला त्या जागेचं नाव द्या. शिवडीपासून कौला बंदरापर्यंत कुणाला सोबत सही करायची असेल तर कागद माझ्याकडे तयार आहे.